पाणचक्कीजवळच्या दोन पाण्यांची गोष्ट

जूनमधला पहिला मोठा पाऊस पडला की मी पाणचक्कीशेजारच्या मेहमूद दरवाजाच्या पुलावर जाऊन उभा राहतो. खाली खाम नदी काळी होऊन वाहत असते. सात-आठ महिने रस्त्यांवर साचलेलं ऑइल, टायरची धूळ, प्लास्टिक, नाल्यातला गाळ, सगळं त्या पहिल्या लोंढ्यात येतं. पलीकडे पाणचक्कीच्या हौदात मात्र पर्यटक मासे बघत असतात.

या दोन पाण्यांमध्ये एक भिंत आहे आणि शहराचा चारशे वर्षांचा इतिहास.

१६१० साली मलिक अंबरनं खडकी वसवली. पुढे नावं बदलली, पण जमिनीचा उतार तोच राहिला: उत्तरेला डोंगर आणि तिथून शहराकडे येणारे ओढे. मलिक अंबरनं डोंगरपायथ्याचं भूजल बंद नहरीतून, फक्त उताराच्या जोरावर शहरात आणलं. तीच नहर-ए-अंबरी. नंतर आणखी नहरी झाल्या. पाणचक्कीचा हौदही अशाच एका नहरीनं भरायचा. प्यायचं पाणी जमिनीखाली झाकलेलं आणि पावसाचं पाणी वर, मोकळ्या ओढ्यांतून खामकडे. तेव्हा शहर लहान होतं, घाणही कमी होती. त्या काळाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. पण कुठलं पाणी कुठून जाईल, हे आधी ठरलेलं होतं.

१९७६ मध्ये जायकवाडी धरणाचं लोकार्पण झालं आणि शहराची तहान पैठणकडे वळली. नहरी विस्मरणात गेल्या. घरोघरी नळ आले की सांडपाणीही वाढतं, पण गटारं त्या वेगानं वाढली नाहीत. सांडपाण्यानं ओढ्यांची वाट धरली. ओढ्याचा नाला झाला, आणि नाला म्हटलं की त्यात काहीही टाकायला आपण मोकळे. गंमत अशी, की खाम शेवटी गोदावरीला, जायकवाडीच्या जलाशयाकडेच जाते. म्हणजे आपण जे सोडतो, ते आपल्याच माठाच्या दिशेनं जातं.

आज कांचनवाडीत रोज १६१ दशलक्ष लिटर क्षमतेचं सांडपाणी शुद्धीकरण केंद्र आहे. २०२१ पासून खामच्या पुनरुज्जीवनाचं कामही सुरू झालं. पण केंद्र शुद्ध करतं ते पाइपात शिरलेलं पाणी. रस्ता धुऊन येणारा पाऊस थेट नाल्यातच उतरतो. अमेरिकेलाही हे उशिरा उमगलं: १९७२ च्या स्वच्छ पाणी कायद्याचा रोख कारखाने आणि सांडपाण्यावर होता, शहरांच्या पावसाळी गटारांना परवान्याची चौकट १९८७ च्या दुरुस्तीनं घातली.

म्हणून शहराच्या आराखड्यात पावसाच्या पाण्याचा वेगळा विचार हवा. सांडपाण्याचे पाइप नाल्यातून काढायचे. मेमध्येच रस्ते आणि गाळ साफ करायचा. पहिला लोंढा नदीत जाण्याआधी गवताच्या पट्ट्यात, खोलगट बागेत थोडा थांबवायचा, म्हणजे गाळ तिथेच बसतो. आणि नाला उघडा ठेवायचा.

हा शेवटचा मुद्दा मला जड जातो. आमच्या गल्लीतल्या नाल्यावर स्लॅब टाका, अशा अर्जावर काही वर्षांपूर्वी मीही सही केली होती. वास येत होता, डास होते. स्लॅब पडला, वास कमी झाला आणि आत काय वाहतंय हे दिसायचं बंद झालं. पुढच्या पावसाळ्यात तुंबलेलं पाणी शेजाऱ्यांच्या उंबऱ्यावर आलं.

यंदा उरलेल्या भागासाठी तसाच अर्ज फिरतोय. मी सही केलेली नाही. शेजारी विचारतात, ‘का हो?’ तेव्हा मी त्यांना पहिल्या पावसात पुलावर यायला सांगतो.