फ्री-मोशन फूट : गोधडीसाठी निवड

शिलाई मशीनच्या दांडीला स्क्रूने बसणारा आणि कापड सतत न दाबता फक्त टाका पडताना धरणारा फूट. दुकानात तो ‘डार्निंग फूट’ किंवा ‘रफूचा फूट’ म्हणून मागितला तरी मिळतो. साध्या शिलाईत खालचे दाते कापड मागे ओढतात आणि टाक्याची लांबी मशीन ठरवते. फ्री-मोशनमध्ये दाते खाली घेतलेले किंवा झाकलेले असतात. कापड दोन्ही हातांनी हवे तिकडे फिरवता येते, त्यामुळे वेल, नागमोडी रेघ, कोयरी असे काहीही शिवता येते. टाका लांब पडेल की बारीक, हे हाताचा वेग आणि मोटरचा किंवा पायडलचा वेग यांच्या मेळावर ठरते.

भरतकाम करणारे कारागीर अशा कामासाठी फूट काढूनच ठेवतात आणि कापड रिंगमध्ये ताणून भरतात. गोधडीला हा उपाय चालत नाही, कारण चार-पाच थरांचा जाड ऐवज रिंगमध्ये बसत नाही. कापड ताणलेले नसले की वर येणारी सुई त्याला सोबत उचलते. मग सुईमागे दोऱ्याचा फास नीट तयार होत नाही, शटलचे टोक तो पकडू शकत नाही आणि टाका सुटतो. सुई वर निघताना कापड प्लेटवर दाबून ठेवणे एवढेच या फुटाचे काम. त्यासाठी बहुतेक फुटांना एक स्प्रिंग आणि सुईच्या स्क्रूवर टेकणारी आडवी काडी असते. सुई वर गेली की काडीमुळे फूटही उचलला जातो आणि कापड मोकळे होते. काही फुटांना स्प्रिंग नसते, ते ठरावीक उंचीवर कापडाला जेमतेम टेकून राहतात.

इथे डोळ्यांसमोर आहे ती रामाकोन्याची गोधडी. रामाकोना हे सौंसर तालुक्यातले, कन्हान नदीजवळचे, नागपूर–छिंदवाडा रेल्वेमार्गावरचे गाव. २०२३मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, तोपर्यंत ते छिंदवाडा जिल्ह्यात होते. राज्य मध्य प्रदेश असले तरी कपाशीचा आणि संत्र्याचा हा पट्टा बोलीने आणि चालीरीतीने विदर्भाला लागून आहे, आणि गोधडीही तशीच आहे : जुनी लुगडी, सुती साड्या, धोतरे यांचे थर, वर ठिगळे, आणि कडेपासून आत येत जाणारा हाताचा धावदोरा. फूट निवडताना हे वर्णन महत्त्वाचे ठरते. परदेशी क्विल्टमध्ये वरचे कापड, मधला कापसाचा किंवा पॉलिस्टरचा एकसारखा थर आणि अस्तर असे तीन थर असतात. जाडी सगळीकडे सारखी असते आणि फुटांच्या जाहिराती तीच जाडी गृहीत धरतात. आपल्या गोधडीत एका इंचावर दोन थर, तर पुढच्या इंचावर शिवण, काठ आणि ठिगळ मिळून सहा.

म्हणून पुढून उघडा फूट घ्यावा की बंद कडीचा, या नेहमीच्या प्रश्नाला इथे वेगळे उत्तर द्यावे लागते. उघड्या फुटात सुईसमोरची जागा मोकळी असल्याने आखलेली रेघ स्पष्ट दिसते, आणि शिकवणारे बहुधा हाच सुचवतात. पण त्याची दोन टोके ठिगळाच्या न दुमडलेल्या कडेखाली किंवा विरलेल्या साडीच्या सुटलेल्या धाग्यात अडकतात, आणि हात पुढे सरकत असताना फूट अडला की सुई वाकते किंवा मोडते. बंद कडीला टोके नसल्याने ती काठावरून घसरत जाते. ठिगळांच्या गोधडीला बंद कडीचा, शक्यतो मोठ्या आणि पारदर्शक प्लॅस्टिक तळाचा फूट घ्यावा. नव्या, सपाट कापडाच्या दुलईवर नक्षी काढायची असेल तर उघडा फूट खुशाल वापरावा. पट्टी किंवा साचा धरून शिवायचे असेल तर जाड कडेचा रूलर फूट लागतो. त्याची कड सुईपासून पाव इंचावर असते. पातळ फुटाशेजारी पट्टी धरली तर ती फुटाखाली सरकते आणि सुई थेट तिच्यावर आदळते.

विकत घेण्याआधी दांडीचे माप पाहावे. फूट खाली सोडून तळापासून स्क्रूच्या मध्यापर्यंत मोजले की घरगुती मशिनींत सुमारे पाऊण इंच भरते, ही लो शँक. सव्वा इंचाच्या आसपास भरले तर हाय शँक. सिंगरच्या काही जुन्या मॉडेलांत दांडी तिरकी असते, त्यांना दुसरा कोणताच फूट चालत नाही. मापाच्या भानगडीत पडायचे नसेल तर जुना फूट खिशात घालून सौंसरला किंवा इतवारीच्या गाडीने नागपूरला न्यावा. खटक्याने बसणारे फूट असलेल्या मशीनवर खटक्याचा धारकही काढावा लागतो, कारण डार्निंग फूट थेट दांडीवर बसतो. बसवल्यावर मोटर लावण्याआधी चाक हाताने फिरवून काडी स्क्रूवर टेकते का आणि सुई कडीच्या मधोमध उतरते का, ते बघावे.

पायडलच्या साध्या काळ्या मशीनवरही हे काम होते. दाते खाली घ्यायची सोय नसेल तर त्यांवर रफूची झाकणपट्टी बसवतात. तीही नसेल तर टाक्याची लांबी शून्यावर ठेवली की दाते हलले तरी कापड पुढे जात नाही. अडचण दात्यांपेक्षा चाकाची जास्त. पाय लयीत नसला की चाक उलटे फिरते आणि दोरा तुटतो.

फुटाची उंची हा सर्वांत दुर्लक्षिला जाणारा भाग. सुई तळाशी असताना फूट कापडाला जेमतेम टेकला पाहिजे. फूट घट्ट बसला तर ठिगळाशी अडतो, फार वर राहिला तर टाके सुटतात. उंची बदलायची सोय असलेला, म्हणजे वर छोटा स्क्रू असलेला फूट मिळाला तर गोधडीसाठी त्याला पहिली पसंती द्यावी. फूट कापडाला नीट टेकत नाही म्हणून फूट उचलायचा खटका वरच ठेवून शिवू नये. खटका वर असला की ताणाच्या चकत्या उघड्या राहतात आणि गोधडीच्या पाठीवर दोऱ्याचा गुंता जमतो. सुती थरांना १६ नंबरची सुई बरी. मध्ये सिंथेटिक साडी असेल तर थर एकमेकांवरून घसरतात, म्हणून आधी हाताने कच्चे टाके घालून घ्यावेत.

परंपरेतल्या सरळ, समांतर ओळी मशीनने घालायच्या असतील तर मुळात हा फूट चुकीचा आहे. तिथे दाते वर ठेवून वॉकिंग फूट लावावा. त्याला स्वतःचे दाते असल्याने वरचा थर खालच्यासोबत चालतो. मात्र अख्खी गोधडी मशीनच्या कमानीतून गुंडाळून दर कोपऱ्याला वळवावी लागते, आणि तेव्हा फ्री-मोशनचा मोह होतो, कारण त्यात वळवावेच लागत नाही.

मशीनच्या टाक्याला क्विल्टच्या जगातही उशिरा मान मिळाला. अमेरिकन क्विल्टर्स सोसायटीच्या प्रदर्शनात सर्वोच्च पारितोषिक मिळवणारे पहिले मशीनशिवण क्विल्ट १९८९चे : कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांचे, सूर्यग्रहणावरचे ‘करोना २’. गोधडीच्या बाबतीत हाताचाच टाका बरा म्हणणाऱ्यांकडे मात्र साधे कारण आहे. आठ-दहा थर झाले की घरगुती मशीनची सुई थकते. तेवढ्या जाडीला कोणताही फूट घेतला तरी उपयोग नाही, तिथे मोठी सुई, जाड दोरा आणि अंगुस्तान.