ओरखडा आणि झिलई

पारदर्शक वस्तूचें खरें कौशल्य असें कीं, ती डोळ्यांपुढें असूनही दिसूं नये. खिडकीची कांच असो, दुर्बिणीचें भिंग असो, वैमानिकाच्या डोक्यावरील छत असो, किंवा हौशी कारागिराच्या टेबलावरील वीतभर विमानाची नखाएवढी खिडकी असो; आपलें अस्तित्व विसरावयास लावणें हीच तिची सेवा. पण तिच्यावर केसाएवढा ओरखडा उमटला कीं पलीकडचें दृश्य मागें पडतें आणि ओरखडाच तेवढा डोळ्यांत भरतो. तो घालविण्याची विद्या दिसावयास क्षुल्लक; परंतु तिच्या इतिहासांत ज्योतिषी, रसायनज्ञ, योद्धे आणि नेत्रवैद्य अशा सर्वांचा हात लागलेला आहे.

ओरखडा म्हणजे मळ नव्हे. मळ वरून बसलेला असतो, म्हणून तो पुसला कीं जातो. ओरखडा ही पृष्ठभागावर पडलेली एक दरी आहे. सपाट पृष्ठभागांतून सरळ जाणारा प्रकाश तिच्या कडांवर आपटून वाटेल त्या दिशेला फांकतो आणि त्यामुळें ती पांढुरकी दिसते. दरी नाहींशी करावयाची तर दोनच मार्ग उरतात. एक तर ती भरून काढावयाची. नाहीं तर भोंवतालची सारी जमीन तिच्या तळापर्यंत खालीं आणावयाची. दुसऱ्या मार्गांत एक मौज आहे. जमीन खालीं आणावयाची म्हणजे ती घांसावयाची, आणि घांसणें म्हणजे नवे ओरखडे काढणें. मोठा ओरखडा घालविण्यासाठीं त्याहून बारीक असे असंख्य ओरखडे काढावयाचे आणि ते घालविण्यासाठीं आणखी बारीक. दृश्य प्रकाशाच्या लहरीची लांबी सुमारें ०.०००४ ते ०.०००७ मिलिमीटर असते. ओरखडे त्याहून पुष्कळ बारीक झाले कीं डोळा त्यांना ओळखीत नाहीं. त्यालाच माणसानें झिलई असें नांव दिलें.

या विद्येचें एक जुनें वर्णन आयझॅक न्यूटननें करून ठेवलें आहे. १६६८ सालीं त्यानें परावर्तक दुर्बीण तयार केली, आणि १७०४ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'ऑप्टिक्स' या ग्रंथांत धातूच्या आरशाला झिलई कशी द्यावी तें सांगितलें. डांबराचा पातळ थर, त्यावर धुऊन बारीक केलेली कथलाची राख, आणि हाताची चिकाटी, एवढीच त्याची सामग्री. डांबर मऊ असल्यामुळें कण त्यांत रुततात, उसळून खोल चरे पाडीत नाहींत. पुढें विल्यम हर्शलनें याच श्रमांवर आपली कीर्ति उभारली. एका आरशावरून सोळा तास त्यानें हात उचलला नाहीं, आणि बहीण कॅरोलिन हिनें त्याला घांस भरविले, अशी आठवण तिनेंच लिहून ठेवली आहे. १७८१ सालीं युरेनस दिसला तो हर्शलनें स्वतः घडविलेल्या दुर्बिणींतून.

झिलई देतांना पृष्ठभागाचें नेमकें काय होतें, या प्रश्नानें मात्र विसाव्या शतकापर्यंत शास्त्रज्ञांना चकविलें. जॉर्ज बील्बी यानें असें प्रतिपादन केलें कीं, झिलईच्या वेळीं पृष्ठभागाचा थर द्रवाप्रमाणें वाहतो आणि खांचा झांकून टाकतो. १९३७ सालीं बोडन व ह्यूज यांनीं या मताला उष्णतेचा आधार दिला. घर्षणानें सूक्ष्म जागीं पदार्थ वितळतो, आणि म्हणून झिलई देणाऱ्या भुकटीच्या कठीणपणापेक्षां तिचा वितळण्याचा बिंदु अधिक महत्त्वाचा, असें त्यांचें म्हणणें होतें. पुढच्या काळांतील सूक्ष्मदर्शक-परीक्षेनें, निदान धातूंच्या बाबतींत, पारडें पुन्हां फिरविलें आणि झिलई हें मुख्यतः अतिबारीक कापणेंच आहे असें दाखविलें. तरीही उष्णतेचा मुद्दा एका नव्या पदार्थाच्या बाबतींत अगदीं खरा ठरावयाचा होता.

तो पदार्थ म्हणजे पारदर्शक प्लास्टिक. १९३० नंतरच्या कांहीं वर्षांत जर्मनींत ओट्टो रोम यानें 'प्लेक्सिग्लास', आणि इंग्लंडांत आय. सी. आय. या कंपनीनें 'पर्स्पेक्स' हा त्याच जातीचा पदार्थ बाजारांत आणला. त्याचें वजन कांचेच्या निम्म्याहून कमी, पडणाऱ्या प्रकाशापैकीं सुमारें ९२ टक्के प्रकाश तो पलीकडे जाऊं देतो, आणि उष्णतेनें मऊ करून त्याला हवा तसा फुगवितां येतो. विमानाच्या कामीं याहून सोईचें काय असणार? दोष एकच: तो मऊ आहे. धुळीनें भरलेल्या कोरड्या फडक्यानें पुसला तरी त्यावर चरे उठतात. १९४० सालच्या ब्रिटनच्या हवाई लढाईंत शत्रूचें विमान प्रथम दिसावयाचें तें आकाशांतील एका ठिपक्यासारखें. छतावरचा डाग आणि दूरचा शत्रु यांत डोळ्याची गफलत झाली तर तिची किंमत प्राणानें मोजावी लागे. म्हणून छत पुसणें आणि त्याला झिलई देणें हें काम जमिनीवरच्या सेवकांना कटाक्षानें करावें लागे.

त्याच लढाईंत या पदार्थाचा दुसरा गुण उघडकीला आला. १५ ऑगस्ट १९४० रोजीं गॉर्डन क्लीव्हर या वैमानिकाच्या हरिकेन विमानाचें छत गोळ्यांनीं फुटलें आणि पर्स्पेक्सचे कण त्याच्या डोळ्यांत शिरले. नेत्रवैद्य हॅरल्ड रिडले यांना अशा जखमी वैमानिकांच्या डोळ्यांत एक विलक्षण गोष्ट आढळली: ते कण डोळ्यांत राहूनही डोळा चिडत नव्हता. २९ नोव्हेंबर १९४९ रोजीं लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयांत त्यांनीं मोतीबिंदूच्या रुग्णाच्या डोळ्यांत पर्स्पेक्सचें कृत्रिम भिंग बसविलें. ज्या पदार्थानें एका वैमानिकाची दृष्टि हिरावली, त्यानेंच पुढें असंख्यांना ती परत दिली.

विमानांच्या प्रतिकृतींचा इतिहासही याच काळाशीं गुंतलेला आहे. १९३६ सालीं इंग्लंडांत 'फ्रॉग' या उडणाऱ्या खेळण्यांच्या कारखान्यानें बहात्तरास एक या प्रमाणांतील प्लास्टिकचे संच काढले. हीं विमानें उडत नसत, म्हणून त्यांना 'पेंग्विन' हें न उडणाऱ्या पक्ष्याचें नांव दिलें. १९४२ सालीं अमेरिकेच्या नौदलानें शाळांतील मुलांकडून त्याच प्रमाणाच्या लांकडी प्रतिकृति करून घेतल्या, त्या शत्रूचें विमान ओळखण्याच्या शिक्षणासाठीं. युद्धानंतर पॉलिस्टायरीनचा काळ आला. १९५३ सालीं 'एअरफिक्स'चें स्पिटफायर निघालें, आणि नखाएवढीं पारदर्शक छतें घरोघरच्या टेबलांवर येऊन पोंचलीं.

येथें प्रमाणाचें गणित निष्ठुर होतें. अशा छतावरचा ०.०५ मिलिमीटर रुंदीचा चरा खऱ्या विमानावर ३.६ मिलिमीटरांची भेग ठरतो. शिवाय फुगीर छताच्या सांच्याचे भाग जेथें मिळतात, तेथें मधोमध एक उंच रेघ राहते. ती काढावयाची तर कारागिराला स्वतःच्या हातानेंच निर्मळ छत खरवडावें लागतें. मग जुनीच वाट धरावयाची. प्रथम पाण्यांत भिजविलेला अतिबारीक पॉलिशपेपर. प्रत्येक पायरीनंतर भाग धुवावयाचा, कारण आधींच्या भुकटीचा एक कण सारें श्रम वायां घालवितो. पुढची पायरी मागचीला आडवी घांसावयाची, म्हणजे जुने चरे गेले कीं नाहीं तें लगेच कळतें. शेवटीं दांत घासण्याच्या मऊ पेस्टनेंही चमक येते, कारण तिच्यांत खडूसारखी सौम्य भुकटी असते. बोडन-ह्यूज यांची उष्णता येथें खरी होते. पॉलिस्टायरीन सुमारें १०० अंश सेल्सिअसला मऊ पडतें. म्हणून यंत्राच्या वेगानें घांसलें तर चरा जाण्याऐवजीं पृष्ठभागच लोळतो. पहिला मार्ग, दरी भरण्याचा, तोही उपयोगीं पडतो. पारदर्शक ॲक्रिलिक द्रवांत छत बुडवून वाळविलें कीं बारीक चरे भरून निघतात. मात्र थिनर किंवा ॲसिटोन यांचा स्पर्श होऊं देतां कामा नये. त्यांनीं पॉलिस्टायरीन विरघळतें, आणि तें नुकसान कोणत्याही झिलईनें भरून येत नाहीं.

न्यूटनच्या डांबरापासून आजच्या पॉलिशपेपरापर्यंत साधनें बदललीं, नियम मात्र एकच राहिला: खरबरीतपणा एका दमांत काढतां येत नाहीं, तो पायरीपायरीनेंच उतरवावा लागतो. आणि ज्यानें एकही पायरी गाळली नाहीं, त्याच्या श्रमांची साक्ष अशी कीं, त्याच्या हातची खिडकी कोणाच्या लक्षांतच येत नाहीं.