सहामाहीची सुट्टी आणि दहा मुलांची अट

शाळेचा इतिहास लिहावयाचा म्हटला की स्थापनेचे वर्ष, इमारतीस देणगी देणाऱ्यांची नावे आणि मुख्याध्यापकांची नामावळी एवढ्यात तो आटोपण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. आम्हांस मात्र शाळेचे खरे चरित्र सहामाही परीक्षा संपल्यापासून दिवाळीची सुट्टी लागेपर्यंतच्या दिवसांत सापडते असे वाटते. एरवी वर्गाच्या चार भिंतींआड काय चालले आहे ते गावास दिसत नाही. त्या दिवसांत शाळा अंगणात येऊन बसते आणि गाव तिला डोळे भरून पाहते, मोजूनही पाहते. बहादरपुरात, मराठी मुलखाच्या वेशीबाहेर, हे मोजणे अगदी शब्दशः होते. ते कसे, हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

बहादरपूर हे नाव फारुकी घराण्याचा अखेरचा सुलतान बहादुरशहा याचे. १६०१ साली त्याच्या हातून असीरगड गेला आणि खानदेशची सुलतानी अकबराच्या राज्यात बुडाली. मराठ्यांचा या गावाशी पहिला ठळक संबंध आला तो १६८१ च्या आरंभी, हंबीरराव मोहित्यांच्या फौजेने ही श्रीमंत पेठ लुटली तेव्हा. आपल्या पूर्वजांची या गावाशी झालेली ओळख विद्यादानाची नव्हती, हे कबूल केलेले बरे! पुढे १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर बुऱ्हाणपूर पेशव्यांकडे आले, मग शिंद्यांकडे गेले, आणि १८६० च्या सुमारास इंग्रजी अमलात जाऊन निमाड जिल्ह्याचा भाग झाले. या शंभर वर्षांत आपली कुळे इथे रुजली. कोणी दप्तरात लेखणी चालवीत आले, कोणी घोड्यावरून, तर बहुसंख्य तापीकाठच्या काळ्या जमिनीमागे बैलगाडीतून. त्यांच्यामागे पंतोजीही आले.

पंतोजींच्या शाळेत सत्र नावाची वस्तूच नव्हती. धूळपाटीवर अक्षरे गिरवावीत, पाढे घोकावेत, पावकी-निमकी-औटकी तोंडपाठ करावी आणि प्रतिपदेसारख्या तिथीस अनध्याय पाळावा, असा तो चांद्र हिशेब होता. रविवार, सहामाही, वार्षिक आणि निकालपत्रक ही सारी इंग्रजी अमदानीतील सरकारी शाळेची देणगी. गंमत अशी की पंचांग शाळेबाहेर गेले तरी सण काही बाहेर गेले नाहीत. सहामाही नेमकी आश्विनात येई, आणि आश्विन म्हणजे घटस्थापना, खंडेनवमी, दसरा, कोजागिरी. सरकारी वेळापत्रकाने या दिवसांना परीक्षेनंतरचे रिकामे दिवस म्हटले असेल. मुलांच्या लेखी वर्षातील भरलेले दिवस तेच होते.

आम्ही १९६५ ते १९६९ या काळात प्राथमिक शाळेत होतो. आवार एकच, पुढील खोल्यांत हिंदी वर्ग, मागच्या पडवीत आणि दोन खोल्यांत मराठी वर्ग. खंडेनवमीस पाटीपूजन होई. आदल्या दिवशी पाट्या कोळशाने घासून, धुऊन उन्हात वाळवावयाच्या. मग त्यांवर १ या आकड्याच्या ओळी एकाशेजारी एक मांडून सरस्वती काढावयाची. आकड्यांचीच ती देवी. तिला नाक-डोळे नसत, तरी ती सरस्वती आहे याबद्दल कोणाच्या मनात शंका येत नसे. हिंदी वर्गातील मुले खिडकीशी उभी राहून पाहत आणि पुष्कळदा आपल्याही पाट्या पुढे करीत. गुरुजी त्यांनाही काढून देत. झेंडूची फुले, आपट्याची पाने, हळदकुंकू वाहिले की त्या दिवशी अक्षर वाचावयाचे नाही, हा नियम आम्ही इतर सर्व नियमांपेक्षा काटेकोरपणे पाळीत असू.

मुलींचा सण निराळा. पुण्याकडे भोंडला किंवा हादगा म्हणतात, त्याची आपल्या तापीकाठची बहीण म्हणजे भुलाबाई. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई-भुलोजींच्या मातीच्या मूर्तींपुढे रोज गाणी, आणि शेवटी झाकलेला डबा हलवून खिरापत ओळखणे. मराठी वर्गाच्या पडवीत सहामाहीनंतर एक दिवस भुलाबाई बसे. त्या दिवशी आया, आज्या आणि शाळेत कधीच न गेलेल्या सुना पदर सावरीत प्रथमच शाळेच्या पायऱ्या चढत. डब्यात काय आहे हे ओळखण्याच्या बाबतीत आम्हां मुलांचे ज्ञान शेंगदाणा आणि गूळ यांच्यापुढे जात नसे.

सुट्टीच्या आदल्या दिवशी फळ्यावर रंगीत खडूने ‘सत्रवार्ता’ लिहिली जाई. आज शाळा छापील वार्तापत्रे काढतात, पण आमच्या बातम्या त्या फळ्यावरच नांदल्या. नवी घंटा आली. पडवीचे कौल बदलले. अमक्याने पंचवीसपर्यंतचे पाढे बिनचूक म्हटले. मराठीचे पुस्तक दिवाळीनंतर येईल. शेवटची बातमी दरवर्षी असे! ही रीत गुरुजींनी खानदेशातून आणली असावी असा आमचा तर्क आहे. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या शाळेत शिक्षक असताना त्यांनी वसतिगृहातील मुलांसाठी हाताने लिहिलेले ‘छात्रालय दैनिक’ चालविले होते, आणि त्या हस्तलिखिताची कीर्ती खानदेशातील शिक्षकवर्गात पुढे कितीतरी वर्षे होती. फळ्याच्या तळाशी मात्र एक ओळ असे जिचे महत्त्व आम्हांस तेव्हा कळत नसे : मराठी वर्ग, पटावरील संख्या, इयत्तावार.

त्या ओळीमागे एक सरकारी ठराव उभा होता. ऑगस्ट १९४९ मध्ये प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने ठरविले की, ज्यांची मातृभाषा प्रादेशिक भाषेहून निराळी आहे अशी चाळीस मुले संपूर्ण शाळेत, किंवा दहा मुले एका इयत्तेत असतील, तर त्यांना मातृभाषेतून शिकविण्यासाठी एक तरी शिक्षक नेमावा. त्या काळी आपणांस या ठरावाची फारशी गरज वाटली नाही. जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती आणि हिंदी व मराठी या दोन्ही राज्यभाषा होत्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला, राजधानी भोपाळला गेली, आणि आपण जागचे न हलता अल्पसंख्य झालो. त्याच वेळी सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५०-क आला व प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा असे त्यात सांगितले. घटनेने तत्त्व दिले, परंतु गावच्या शाळेत चालणारा आकडा १९४९ चाच राहिला. दहा.

१९६७ साली आम्ही तिसरीत होतो. पटावर बरोबर दहा नावे. सहामाही झाली, आणि एका मुलाच्या वडिलांनी दिवाळीनंतर त्यास हिंदी वर्गात घालण्याचे ठरविले. त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. पुढील सर्व कचेऱ्या, सर्व परीक्षा हिंदीत. मुलाने उगाच दोनदा का शिकावे, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. गुरुजींनी त्यांची समजूत घालून पाहिली व मग तो नाद सोडला. त्या वर्षीच्या सत्रवार्तेत तिसरीच्या पुढे जागा कोरी होती.

पडवीतल्या भुलाबाईस त्या दिवशी कडेवर लहान भाऊ घेऊन एक मुलगी आली होती. वय दहा-अकरा. दुसरी पास होऊन, आई शेतावर जाते म्हणून तिची शाळा सुटली होती. गाणी तिला सर्वांत जास्त येत होती आणि डबा एकदाच हलवून तिने खिरापत ओळखली. भोपळ्याचे घारगे होते. गुरुजींनी तिला बाजूस बोलावून नाव विचारले. संध्याकाळी ते आणि आमची आजी तिच्या घरी गेले. “पोरगं कोण सांभाळील, गुरुजी?” एवढाच तिच्या आईचा प्रश्न होता. भावाने वर्गात पोरीजवळ बसावे, रडला तर तिने त्यास घेऊन पडवीत जावे, असे ठरले. दिवाळीनंतर शाळा उघडली तेव्हा पट पुन्हा दहाचा होता, आणि अकरावे नाव नसलेला एक विद्यार्थी घोंगडीच्या तुकड्यावर बसून खडू चाटीत होता. चौथीनंतर तिचे शिक्षण थांबले. आम्ही पुढे गेलो.

किती पुढे गेलो, तेही सांगितले पाहिजे. राज्य शासनाच्या सेवेत आमची तीन दशकांहून अधिक वर्षे गेली. एका जिल्ह्यात असताना मराठी शिक्षकांच्या रिक्त पदांची नस्ती आमच्या मेजावर आली होती. शिक्षक नाही म्हणून मुले येत नाहीत. मुले दहा भरत नाहीत म्हणून शिक्षक नाही. या वर्तुळावर आम्ही सुवाच्य हिंदीत टिप्पणी लिहिली आणि नस्ती वर पाठविली. ती परत आली नाही, आम्हीही विचारणा केली नाही. आमची स्वतःची मुले तोवर बदल्यांच्या गावी इंग्रजी माध्यमात शिकत होती. कोणत्याही मराठी वर्गाच्या पटावर आम्ही एकही नाव घातलेले नाही. १९६७ च्या त्या वडिलांना आम्ही दोष का देत नाही, हे वाचकांच्या ध्यानी आले असेलच.

मधल्या काळात सारा हिशेब बदलला. १५ ऑगस्ट २००३ रोजी बुऱ्हाणपूर हा स्वतंत्र जिल्हा झाला. २०१८ च्या सुमारास एका आवारातील शाळा एकत्र करण्याचे धोरण राज्यात आले. नवे सत्र आता १ एप्रिलला सुरू होते, आणि अलीकडे दसऱ्यास दोन-तीन, दिवाळीस पाच-सहा दिवस सुट्टी मिळते. रावेर-भुसावळकडील भाच्यांची सुट्टी आपल्या नातवंडांच्या सुट्टीशी जुळत नाही. सहामाहीनंतरचे ते सैल दिवसच उरले नाहीत. भुलाबाई अजून काही घरांत बसते, तीही सोयीच्या रविवारी.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला. त्याच दिवशी घटस्थापना होती. नऊ दिवसांनी दसरा आला. नात आमच्याकडे आली होती, तेव्हा पाटीपूजन करावे असे मनात घेतले. बुऱ्हाणपूरच्या बाजारात तीन दुकाने हिंडल्यावर लाकडी चौकटीची दगडी पाटी मिळाली. तिला म्हटले, एकाच्या आकड्यांनी सरस्वती काढावयाची आहे, मी काढतो तशी काढ. तिने पेन्सिल घेतली आणि भराभर उभ्या रेघा ओढल्या. इंग्रजी एक. त्यांचे कुंपण झाले, देवी होईना. आम्ही तिचा हात धरून वरचे वाटोळे आणि खाली ओढलेली शेपटी गिरवून घेतली. “आजोबा, हा एक आहे?” तिने विचारले. चौथ्या ओळीपासून तिने हात सोडवून घेतला व पुढची ओळ स्वतःच काढली. दोन आकडे उलटे पडले आहेत. पाटी अजून देव्हाऱ्याशेजारी आहे, पुसलेली नाही.