विचारता येणारा पहारेकरी

बांद्याजवळच्या इन्सुलीला तपासणी नाका आहे. गोव्याकडून आलेली मोटार तेथे थांबवतात आणि 1949 च्या दारूबंदी कायद्यान्वये सामान तपासतात. प्रवाशाला हा त्रास वाटतो. आम्हांस मात्र त्यात एक गुण दिसतो. तपासणारा समोर उभा असतो. 'काय शोधता?' असे त्याला विचारता येते.

जुना बंदोबस्त बहुतांशी अशा ओळखीच्या नजरेवर चालत आला. 1867 च्या मुंबई ग्रामपोलीस कायद्याने तो गावच्या पाटलाकडे सोपविला. पुढे वतने गेली, तरी 1967 च्या कायद्याने पोलीस पाटील राखला. दंगलींच्या दिवसांत, 6 डिसेंबर 1946 रोजी, मोरारजी देसाई यांच्या पुढाकाराने मुंबईत होमगार्ड दल उभे राहिले. दिवसा आपला धंदा-नोकरी पाहणारा नागरिकच रात्री गस्तीला येऊ लागला. या नजरेत जाच नव्हता असे नव्हे. पाटलाचे वैर गावाला पुरे ठाऊक असे. पण नजर कोणाची, हेही ठाऊक असे.

इन्सुलीहून निघालेली तीच मोटार आज मुंबईत शिरली की तिच्यावर खांबावरचे डोळे लागतात. 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यानंतर कॅमेऱ्यांची योजना पुढे आली आणि 2016 साली साडेचार हजारांहून अधिक कॅमेरे सुरू झाले. त्यांनी गुन्ह्याचा माग लागतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु चोराबरोबर मोर्च्याला निघालेला कामगार आणि दवाखान्यात शिरणारी स्त्री, दोघेही टिपली जातात.

हा प्रश्न न्यायालयासमोर पूर्वीच आला होता. 1962 च्या खरकसिंग खटल्यात पोलिसांनी रात्री घरी येणे सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरविले. बाहेरच्या पाळतीला मात्र बहुमताने मोकळीक दिली. पाळतीखाली वावरणारा माणूस मनाने मोकळा राहत नाही, हे न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी आपल्या भिन्न मतात सांगितले. 24 ऑगस्ट 2017 रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमताने खाजगीपणाला मूलभूत हक्क मानले. तरीही 2023 च्या विदा संरक्षण कायद्यात सरकारी यंत्रणांना सूट देण्याची वाट ठेवलेलीच आहे.

कॅमेरे काढून टाका, असे आमचे म्हणणे नाही. चित्रे किती दिवस ठेवता, कोण पाहतो, कोणाला देता, एवढे विचारण्याची सोय नागरिकास हवी आणि उत्तर देणारा माणूस नेमलेला हवा. इन्सुलीच्या नाक्यावर प्रवाशाला जे विचारता येते, ते शहरातल्या चौकातही विचारता आले पाहिजे.