फोली स्क्वेअरला उलटी गंगा

डोळे चुरचुरून तुम्हाला जाग येते. शेजारी कुणी मिरच्या जाळल्यात की काय? पण खोकला थांबत नाही आणि बाहेर गल्लीभर पळापळ सुरू आहे. २ डिसेंबर १९८४ची मध्यरात्र उलटली आहे. तुम्ही भोपाळच्या जयप्रकाश नगरात, युनियन कार्बाइडच्या कारखान्यासमोर आहात. ६१० नंबरच्या टाकीत पाणी शिरलंय. आत सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट, त्याचाच विषारी वायू बाहेर पडतोय. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा काही महिन्यांपूर्वीच बंद केलेली. ओलं फडकं नाकातोंडाला धरा, एवढं सांगायलाही कुणी येत नाही.

आता मे १९८६. मॅनहॅटन, फोली स्क्वेअरचं फेडरल कोर्ट. पीडितांच्या वतीने भारत सरकारने युनियन कार्बाइडवर इथे भरपाईचा दावा लावलाय. न्यायमूर्ती जॉन कीनन यांच्यापुढची कागदपत्रं चाळा. वाटेल, वादी-प्रतिवादींची अदलाबदल झालीय. भारत सरकार म्हणतंय, आमची न्यायालयं संथ, हा खटला तिथे निभायचा नाही. आणि अमेरिकी कंपनी? ती भारतीय न्यायव्यवस्थेची आरती ओवाळतेय! सोबत मुंबईचे वकील नानी पालखीवाला यांचं प्रतिज्ञापत्र. हो, संविधानाच्या मूलभूत चौकटीचा केशवानंद भारती खटला लढलेले तेच. आपली न्यायालयं समर्थ आहेत, हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हे. पण कंपनीला प्रेम न्यायव्यवस्थेचं नाही, धास्ती अमेरिकी ज्यूरीची आहे, हे कुणीही ओळखेल. कारखाना चालवणाऱ्या भारतीय कंपनीचे ५०.९ टक्के शेअर हिच्याच हातात. नफ्याला मालक, अपघाताला मात्र परकी.

१२ मे रोजी कीनन खटला भारतात धाडतात. अट एक महत्त्वाची: कंपनीने भारतीय न्यायालयांचा अधिकार मानावा.

दिल्ली, १४ फेब्रुवारी १९८९. तीन अब्ज डॉलरहून मोठा दावा सर्वोच्च न्यायालयात ४७ कोटी डॉलरवर मिटतो. फौजदारी खटलेही रद्द! ते पुन्हा उभे राहायला १९९१ उजाडतं.

भोपाळ, ७ जून २०१०. सात भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा, त्याच दिवशी जामीन. अमेरिकी कंपनीच्या नावापुढे 'फरार'. कीनन यांची अट दिवाणी दाव्यापुरती होती. फौजदारी समन्सला कंपनी आलीच नाही. तिला जबरदस्तीने उभं करील असा आंतरराष्ट्रीय कायदा शोधू नका. बहुराष्ट्रीय कंपन्यांसाठी संयुक्त राष्ट्रांत वर्षानुवर्षं घोळलेली आचारसंहिता १९९२ मध्येच बारगळली होती, आणि तीही बंधनकारक होणार की नाही यावरच निम्मा वाद अडला होता.