थंडीत सकाळी गाडी सुरू होत नाही? आधी आवाज ऐका, मग बोनेट उघडा

जानेवारीत ग्वाल्हेरचा पारा ५ अंशांच्या खाली जातो, इंदूरला १० च्या आसपास रेंगाळतो. बेळगावात एवढी कडक थंडी नसली तरी रात्रभर अंगणात उभी राहिलेली गाडी पहाटे कुरकुर करतेच. अशा वेळी बहुतेक जण एकच चूक करतात. गाडी लागत नाही म्हणून पुन्हा पुन्हा सेल्फ मारतात आणि उरलीसुरली बॅटरीही संपवतात.

असं का होतं?

थंडीत इंजिन ऑइल घट्ट होतं, त्यामुळे इंजिन फिरवायला जास्त ताकद लागते. नेमकी त्याच वेळी बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते आणि तिची ताकद कमी होते. ० अंशाला साधारण एक तृतीयांश ताकद कमी झालेली असते. नवी बॅटरी हे सहज निभावून नेते, जुनी हात टेकते. खरं तर बॅटरीला आतून खातो तो मे महिन्यातला ४५ अंशांचा उन्हाळा. थंडी फक्त बिंग फोडते.

चावी फिरवल्यावर काय होतं?

आधी हेडलाइट, ब्लोअर, म्युझिक सगळं बंद करा. ऑटोमॅटिक गाडी पी किंवा एन मध्ये आहे ना, ते बघा. मग चावी फिरवा.

*काहीच आवाज नाही, डॅशबोर्डही अंधारात:* बॅटरी पूर्ण उतरली आहे किंवा टर्मिनल सैल झालंय. टर्मिनल हाताने हलवून बघा. हललं तर पान्याने घट्ट करा. पांढरी-हिरवी बुरशी जमली असेल तर आधी निगेटिव्ह वायर काढा, खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने पुसा आणि कोरडं करून पुन्हा जोडा.

*टक-टक-टक आवाज, दिवे मंद:* बॅटरीत थोडा जीव आहे, पण सेल्फ फिरवण्याइतका नाही. जंप स्टार्ट लागेल.

*दिवे लख्ख, पण एकच ‘टक’ किंवा तेही नाही:* दोष बहुधा सेल्फ मोटरमध्ये किंवा तिच्या वायरिंगमध्ये आहे. मेकॅनिकला बोलवा.

*सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पेट घेत नाही:* बॅटरी ठीक आहे, प्रश्न इंधनाचा किंवा स्पार्कचा. चावी ‘ऑन’ करून दोन-तीन सेकंद थांबा. पेट्रोल गाडीत मागून पंपाचा बारीक गुणगुण आवाज यायला हवा. पेट्रोलचा वास येत असेल तर इंजिनात जास्त पेट्रोल गेलंय. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि एकदा सेल्फ मारा. डॅशबोर्डवर चावीचं किंवा कुलपाचं चिन्ह लुकलुकत असेल तर दुसरी चावी वापरून बघा.

कुठल्याही प्रकारात सेल्फ एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त मारू नका आणि मध्ये अर्धा मिनिट थांबा.

जंप स्टार्ट: वायर जोडण्याचा क्रम

दुसरी गाडीही १२ व्होल्टचीच हवी. दोन्ही गाड्या एकमेकींना टेकू देऊ नका, दोन्ही बंद ठेवा.

१. लाल वायर आधी उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला.
२. लाल वायरचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला.
३. काळी वायर चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला.
४. काळ्या वायरचं शेवटचं टोक बंद पडलेल्या गाडीच्या इंजिनावरच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब.

चौथी पायरी महत्त्वाची आहे. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो आणि शेवटची वायर जोडताना ठिणगी उडते. ती बॅटरीजवळ उडाली तर स्फोट होऊ शकतो. म्हणून जवळ बिडी-सिगारेटही नको. आता चांगली गाडी चालू करून चार-पाच मिनिटं ठेवा आणि मग आपली सुरू करा. वायरी उलट क्रमाने काढा. त्यानंतर निदान अर्धा तास गाडी चालवा.

डिझेल आणि सीएनजी

डिझेल गाडीत चावी ‘ऑन’ केल्यावर पिळदार तारेसारखं पिवळं चिन्ह दिसतं. ते विझेपर्यंत थांबा, मगच सेल्फ मारा. हे ग्लो प्लग इंजिनातली हवा तापवतात. तसंच, उन्हाळी आणि हिवाळी डिझेलचं मानक वेगळं असतं. हिवाळी डिझेल थंडीत जास्त पातळ राहतं. सप्टेंबरात भरलेलं डिझेल जानेवारीपर्यंत टाकीत पडून असेल तर कडाक्याच्या थंडीत त्यातलं मेण फिल्टरमध्ये अडकू शकतं.

बऱ्याच सीएनजी गाड्या आधी पेट्रोलवर सुरू होतात. टाकीत पेट्रोल नाही किंवा महिनोन्‌महिने जुनं आहे, तर सकाळी त्रास होणारच.

हे अजिबात करू नका

- बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून तापवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो.
- इंजिनाखाली शेकोटी किंवा कोळशाची शेगडी ठेवू नका.
- ऑटोमॅटिक गाडीला धक्का मारून उपयोग नाही. धक्का स्टार्ट फक्त गिअरवाल्या गाडीला लागतो.

थंडीआधीची तयारी

बॅटरी तीन वर्षांपेक्षा जुनी असेल तर दिवाळीनंतर दुकानात तपासून घ्या. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे जवळपास अर्धी. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ यायला हवेत. त्याहून कमी येत असतील तर बॅटरी बदलूनही उपयोग नाही, अल्टरनेटर दाखवा. ऑइल गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचंच घाला. गाडी वापरात नसेल तरी आठवड्यातून एकदा अर्धा तास फिरवून आणा. आणि जंपर केबल डिकीत ठेवाच. घरात म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल, तर पहाटे दवाखान्यात निघायची वेळ सांगून येत नाही.