जपानची टर्बो, ऑकलंडचा खिसा
ऑकलंडच्या माझ्या गॅरेजात जुनी टर्बो आली की मी आधी डिपस्टिक ओढून ऑइल बघतो, रंगरूप नंतर. स्वस्तात टर्बो घ्यायची इथली रीत १९८०च्या दशकाच्या अखेरीची. आयातीचे निर्बंध सैल झाले आणि जपानमधल्या वापरलेल्या गाड्या बंदरात उतरू लागल्या. तिथली ‘शाकेन’ तपासणी महागडी, म्हणून मालक धडधाकट गाड्याही काढून टाकत. शिवाय स्टिअरिंग दोन्ही देशांत उजवीकडेच. १९९८ मध्ये गाड्यांवरचं आयातशुल्क गेलं, इथले जोडणी कारखाने बंद पडले. बेताच्या पगाराच्या पोरांना मात्र दोन टर्बोंची सुबारू लेगसी परवडू लागली. पहिल्या टर्बोवरून दुसऱ्यावर जाताना ती जरा दम खाते, तेवढं चालतं. धूर निळा निघाला, तर घासाघीस न करता सरळ घरी जावं.